सहापैकी पाच घटक सारखे, तरी त्रिकोण एकरूप नाहीत

एका त्रिकोणाच्या बाजू 8, 12 आणि 18 सेमी. दुसऱ्याच्या 12, 18 आणि 27 सेमी. दोन्ही त्रिकोण काढता येतात, कारण 8 + 12 = 20 हे 18 पेक्षा जास्त आणि 12 + 18 = 30 हे 27 पेक्षा जास्त. पहिल्याची प्रत्येक बाजू दीडपट केली की दुसरा मिळतो, म्हणून दोघांचे तिन्ही कोन अगदी सारखे. शिवाय 12 आणि 18 या बाजू दोघांतही आहेत. तीन कोन आणि दोन बाजू, असे सहापैकी पाच घटक जुळले. तरीही दुसरा त्रिकोण उघड उघड मोठा आहे.

पाच घटक जुळूनही काम का होत नाही? 12 सेमीची बाजू पहिल्यात मधली आहे, दुसऱ्यात सर्वात लहान. म्हणजे पहिल्यात ती मधल्या कोनासमोर आहे आणि दुसऱ्यात सर्वात लहान कोनासमोर. मापं सारखी आहेत, पण ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आठवीत एकरूपतेच्या कसोट्यांची नावं पाठ होतात, नववीत सिद्धता लिहायची वेळ येते, आणि तिथे गुण जातात ते बहुतेक वेळा याच कारणाने. बाकोबा, बाबाबा, कोबाको, कोकोबा (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन), कर्णभुजा ही नावं कुणी सहसा विसरत नाही. कोणता बिंदू कोणाशी जोडायचा, हे ठरवायचं राहून जातं.

म्हणून पहिलं काम एकास एक संगती ठरवणं. △अबक आणि △तथद यांचे शिरोबिंदू सहा प्रकारे जोडता येतात. त्रिकोण विषमभुज असेल तर त्या सहांपैकी एकच संगती उपयोगाची. समद्विभुज असेल तर दोन चालतात, समभुज असेल तर सहाही. अबक ↔ तथद अशी संगती लिहिली की अ बरोबर त, ब बरोबर थ, क बरोबर द. मग कोणती बाजू कोणत्या बाजूची संगत आहे हे आकृतीकडे न बघताही सांगता येतं: पहिली दोन अक्षरं घ्या, अब आणि तथ, शेवटची दोन घ्या, बक आणि थद, पहिलं-तिसरं घ्या, अक आणि तद. अक्षरांचा क्रम हा शोभेचा भाग नाही, सगळी माहिती त्यातच असते.

समांतरभुज चौकोनात हे फार चांगलं दिसतं. चौकोन अबकड, कर्ण अक. कर्णाने दोन त्रिकोण झाले. मुलं सवयीने लिहितात △अबक ≅ △अडक, कारण अ आणि क दोन्हीकडे आहेत, मग ते जागच्या जागी ठेवले. पण या क्रमाचा अर्थ अब आणि अड संगत बाजू, म्हणजे लगतच्या बाजू एकरूप. तसं असेल तर प्रत्येक समांतरभुज चौकोन समभुज ठरेल. खरी संगती आहे अबक ↔ कडअ. ती व्युत्क्रम कोनांतून येते: अब ∥ डक आणि अक छेदिका, म्हणून ∠बअक ≅ ∠डकअ, अड ∥ बक आणि तीच छेदिका, म्हणून ∠बकअ ≅ ∠डअक. एका त्रिकोणातला अ पाशी असलेला कोन दुसऱ्यातल्या क पाशी असलेल्या कोनाशी जुळला, तेव्हा अ ची जोडी क शीच. सामाईक बाजू दोन कोनांच्या मध्ये आहे, कसोटी कोबाको, निष्कर्ष △अबक ≅ △कडअ. इथे अजून एक घसरण होते: अब ∥ डक असं कारण लिहून ∠बकअ ≅ ∠डअक म्हणणं. ज्या दोन समांतर रेषा कारणात लिहिल्या, कोनांच्या एकेक भुजा त्याच रेषांवर आहेत ना, हे बोट ठेवून तपासावं.

आता कसोट्यांकडे. तीन योग्य घटक पुरतात, आणि 'योग्य' या शब्दावर सगळा भार आहे. कोकोको चालत नाही, हे पटायला वेळ लागत नाही: 3 सेमी बाजूचा आणि 5 सेमी बाजूचा समभुज त्रिकोण, दोन्हीकडे 60°, 60°, 60°. बाबाको मात्र फसवतो. दोन बाजू आणि एक कोन आहे, मग बाकोबाच की, असं वाटतं. कोन त्या दोन बाजूंनी समाविष्ट केलेला हवा, हे वाचून विसरलं जातं. एकदा स्वतः काढून पाहिलं की विसरत नाही.

कंपास घ्या. एक किरण काढा, त्याचा आरंभबिंदू अ. अ पाशी 30° चा कोन करून दुसऱ्या भुजेवर 10 सेमी अंतरावर ब घ्या. कंपासात 6 सेमी अंतर घेऊन ब केंद्र धरून कंस मारा. तो पहिल्या किरणाला दोन ठिकाणी छेदतो, अ पासून साधारण 5.3 सेमीवर आणि 12 सेमीवर. जवळच्या बिंदूला क म्हणा, लांबच्याला ख. △अबक आणि △अबख या दोघांत बाजू 10 सेमी, बाजू 6 सेमी आणि कोन 30°. एकात क पाशी सुमारे 124° चा विशालकोन, दुसऱ्यात ख पाशी सुमारे 56° चा लघुकोन. या दोन मापांची बेरीज 180° येते, ती योगायोगाने नाही: △बकख समद्विभुज आहे, म्हणून ∠बकख आणि ∠बखक एकरूप, आणि ∠अकब हा ∠बकख बरोबर रेषीय जोडीत.

कंपासातलं अंतर बदलत जा, म्हणजे गोष्ट आणखी उलगडेल. 4 सेमी घेतलं तर कंस किरणापर्यंत पोचतच नाही, त्रिकोण नाही. 5 सेमीला तो किरणाला एकाच बिंदूत स्पर्श करतो आणि तिथे काटकोन होतो. 5 आणि 10 च्या मधल्या कोणत्याही अंतराला दोन त्रिकोण. 10 किंवा जास्त घेतलं की पुन्हा एकच त्रिकोण, कारण दुसरा छेदनबिंदू अ वरच येतो किंवा अ च्या पलीकडे किरणाबाहेर जातो. म्हणजे कोनासमोरची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा मोठी असेल तर बाबाको चुकत नाही. हे खरं असलं तरी उत्तरपत्रिकेत कसोटी म्हणून लिहू नये. त्या नावाची मान्य कसोटी नाही.

यातली एकच स्थिती नाव देऊन मान्य केली आहे, ती म्हणजे कर्णभुजा. तिच्यातला काटकोन कर्ण आणि भुजा यांच्या मध्ये नसतो, तरी ती चालते. अ पाशी 30° ऐवजी 90° करून, कंपासात 10 सेमीपेक्षा जास्त अंतर घेऊन ब केंद्र धरून कंस मारला तर तो रेषेला अ च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर छेदतो. दोन त्रिकोण मिळाले तरी ते एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, म्हणजे एकरूपच. कर्णभुजा वापरताना तीन ओळी लागतात: दोन्ही त्रिकोणांत काटकोन आहे ही एक, कर्ण एकरूप ही दुसरी, एक भुजा एकरूप ही तिसरी. काटकोनाची ओळ गाळली तर कसोटी लागू झालीच नाही. आणि काटकोन करणाऱ्या दोन्ही भुजा एकरूप दिल्या असतील तर ती कसोटी बाकोबा आहे. काटकोन दिसला की कर्णभुजा लिहिण्याची सवय इथे महागात पडते.

कोकोबा, म्हणजेच बाकोको, बद्दल एवढंच: बाजू दोन्ही त्रिकोणांत एकरूप कोनांच्या समोर हवी. 50°, 60°, 70° चे दोन त्रिकोण, एकात 6 सेमी बाजू 50° समोर, दुसऱ्यात 60° समोर, तर ते एकरूप नाहीत. पुन्हा संगतीच.

बाबाकोचा सापळा सिद्धतेत कसा दडलेला असतो, ते पतंगात पाहू. चौकोन अबकड मध्ये रेख अब ≅ रेख अड आणि रेख कब ≅ रेख कड. कर्ण म मध्ये छेदतात. रेख बम ≅ रेख डम दाखवायचं आहे. लगेच सुचणारी वाट: △अबम आणि △अडम घ्या. अब आणि अड पक्षातून, म्हणजे दिलेल्या माहितीतून, एकरूप. अम सामाईक. △अबड समद्विभुज, म्हणून ∠अबम आणि ∠अडम एकरूप. तीन घटक झाले, प्रत्येक ओळ खरी आहे, कारणंही बरोबर आहेत. आणि सिद्धता चूक आहे. कोन समाविष्ट नाही हे तर झालंच, पण त्याहून ठोस तपासणी करता येते. म हा बिंदू बड वर कुठेही सरकवा, अगदी ब च्या जवळ न्या. अब आणि अड तरीही एकरूप, अम तरीही सामाईक, ते दोन कोन तरीही एकरूप. मग बम आणि डम प्रत्येक ठिकाणी एकरूप यायला हवेत, जे शक्य नाही. म कर्णांच्या छेदनबिंदूवर आहे ही माहिती या सिद्धतेने वापरलीच नव्हती. क चं नावही कुठे आलं नाही. पक्षातली एखादी गोष्ट वापरली गेली नसेल, तर सिद्धता पुन्हा वाचावी.

बरोबर वाट शोधायची तर साध्याकडून, म्हणजे जे सिद्ध करायचं आहे तिथून, मागे यावं. बम आणि डम हवेत. ते △अबम आणि △अडम मध्ये आहेत. दोन बाजू हातात आहेत, हवा आहे तो त्यांमधला कोन, ∠बअम आणि ∠डअम. हे कोन दुसऱ्या कोणत्या त्रिकोणांत आहेत? मोठ्या △अबक आणि △अडक मध्ये. ते एकरूप होतात का? तिन्ही बाजू आहेतच. आता लिहायला सुरुवात करायची, उलट्या क्रमाने.

△अबक आणि △अडक यांत,
रेख अब ≅ रेख अड … (पक्ष)
रेख कब ≅ रेख कड … (पक्ष)
रेख अक ≅ रेख अक … (सामाईक बाजू)
∴ △अबक ≅ △अडक … (बाबाबा कसोटी)
∴ ∠बअक ≅ ∠डअक … (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)
म्हणजेच ∠बअम ≅ ∠डअम … (अ-म-क)

△अबम आणि △अडम यांत,
रेख अब ≅ रेख अड … (पक्ष)
∠बअम ≅ ∠डअम … (वर सिद्ध)
रेख अम ≅ रेख अम … (सामाईक बाजू)
∴ △अबम ≅ △अडम … (बाकोबा कसोटी)
∴ रेख बम ≅ रेख डम … (एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)

मधली 'अ-म-क' (म हा अ आणि क यांच्या मध्ये) ही ओळ मुलं गाळतात. मोठ्या त्रिकोणातला कोन आणि लहानातला कोन एकच, हे त्याच ओळीने सांगितलं जातं. तिन्ही घटक कसोटीच्या नावाच्या क्रमाने लिहिले, म्हणजे बाजू, मग कोन, मग बाजू, तर कोन समाविष्ट आहे की नाही हे तपासणं सोपं जातं: दोन्ही बाजूंच्या नावांत जे अक्षर सामाईक आहे (अब आणि अम मध्ये अ), तेच कोनाच्या नावात मधलं अक्षर हवं. ∠बअम, मधे अ. जुळलं. वरच्या चुकीच्या सिद्धतेत कोन होता ∠अबम, मधे ब. ही अक्षरांची तपासणी आकृती न बघता होते, आणि पेपर तपासणारेही नकळत तेच करतात. रेषाखंड आणि कोन यांच्यात ≅ लिहावं, लांबी किंवा माप यांच्यात =. दहावीत समरूपतेच्या कसोट्यांनाही बाकोबा आणि बाबाबा हीच नावं आहेत, त्यामुळे तिथे 'समरूपता कसोटी' असं पूर्ण लिहायची सवय लावावी.

एकमेकांवर चढलेले त्रिकोण ही वेगळी डोकेदुखी. △अबक मध्ये रेख अब ≅ रेख अक. अब वर ड आणि अक वर इ असे बिंदू की रेख अड ≅ रेख अइ. रेख बइ ≅ रेख कड सिद्ध करा. आकृतीत चार-पाच त्रिकोण दिसतात आणि डोळा छेदणाऱ्या रेषांच्या मधल्या लहान त्रिकोणांकडे जातो, जिथे काहीच हाती लागत नाही. उपाय साधा आहे: हवे ते दोन त्रिकोण बाजूला सुटे काढा, दोन्ही एकाच दिशेने ठेवून, लागल्यास एक उलटवून. इथे △अबइ आणि △अकड. सुटे काढले की ∠अ दोघांतही आहे हे दिसतं, आणि बाकोबाने तीन ओळींत काम होतं. △डबक आणि △इकब घेऊनही जमतं, पण त्यासाठी आधी पायाजवळचे कोन एकरूप असल्याचं प्रमेय आणि डब ≅ इक ही वजाबाकी लागते. चालेल, पण लांबचा रस्ता.

त्या पायाजवळच्या कोनांच्या प्रमेयाबद्दल थोडं थांबायला हवं. समद्विभुज △अबक मध्ये अ मधून बक वर रेषा काढायची, हे सगळ्यांना माहीत असतं. कोणती रेषा, तिथे घोळ होतो. 'अ मधून बक वर अशी रेषा काढा की ती लंब असेल आणि बक ला दुभागेल' असं रचनेत लिहिलेलं आढळतं. रचनेत एकच अट घालता येते. कोनदुभाजक काढला तर बाकोबा मिळते. मध्यगा काढली तर बाबाबा. लंब काढला तर कर्णभुजा. दोन अटी एकदम घातल्या तर अशी रेषा अस्तित्वात आहे हेच आधी सिद्ध करावं लागेल. माझं मत कोनदुभाजकाच्या बाजूने. कर्णभुजा कसोटीची नेहमीची सिद्धता समद्विभुज त्रिकोणाच्या याच प्रमेयावर उभी असते, म्हणून लंबाची वाट गोल फिरून तिथेच येण्याची भीती असते.

चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा गणिती पॅपस याने तर रचनाच टाळली. त्याने त्रिकोणाची तुलना त्याच्याशीच केली: △अबक आणि △अकब. अब ≅ अक, ∠अ सामाईक, अक ≅ अब. बाकोबाने △अबक ≅ △अकब, म्हणून ∠ब ≅ ∠क. संपलं. संगती म्हणजे काय हे ज्याला कळलं, त्यालाच ही सिद्धता पटते. बाकीच्यांना ती हातचलाखी वाटते.

बाकोबा स्वतः कुठून येते, असं एखादं मूल विचारतं, आणि विचारावंच. युक्लिडने एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवून ती सिद्ध केली होती. 'उचलून ठेवणं' म्हणजे नेमकं काय हा आक्षेप टिकून राहिला, आणि 1899 मध्ये जर्मन गणिती हिल्बर्टने भूमितीची मांडणी नव्याने केली तेव्हा बाकोबाचा मुख्य भाग गृहीतकातच घातला. बाकीच्या कसोट्या तिच्यावरून निघतात.

कोबाकोचा वापर कागदाबाहेरही होतो. किनाऱ्यावरून जहाजाचं अंतर काढताना प्राचीन ग्रीक गणिती थेल्सला हे प्रमेय लागलंच असणार, असं गणिताचा इतिहास लिहिणाऱ्या युडेमसचं म्हणणं युक्लिडचा भाष्यकार प्रोक्लस याने नोंदवलं आहे. नदीची रुंदी मोजायला हे आजही करता येतं. पलीकडच्या काठावरचं झाड झ, त्याच्या बरोबर समोर अलीकडे अ. काठाने अझ ला लंब दिशेत 20 पावलं चालून म पाशी खुंटी, तशीच आणखी 20 पावलं चालून न. तिथून नदीकडे पाठ करून काटकोनात चालत राहायचं, खुंटी आणि झाड एका रेषेत दिसेपर्यंत. तो बिंदू च. △मअझ आणि △मनच: काटकोन, 20 पावलांची बाजू, म पाशी विरुद्ध कोन. नच मोजा, तीच रुंदी. चूक होते ती न पाशी, काटकोन डोळ्यांच्या अंदाजाने घेतल्यामुळे. 3, 4, 5 मीटरच्या गाठी मारलेली दोरी वापरावी.

शेवटी आकृतीबद्दल, कारण सगळ्या कसोट्या बरोबर लावूनही फसता येतं. कोणताही △अबक घ्या. ∠अ चा दुभाजक आणि बक चा लंबदुभाजक प मध्ये छेदतात, आणि आकृतीत प त्रिकोणाच्या आत काढलेला आहे. पम ⊥ अब, पन ⊥ अक. △अमप ≅ △अनप (कोकोबा), म्हणून अम = अन, पम = पन. प लंबदुभाजकावर, म्हणून पब = पक. △पमब ≅ △पनक (कर्णभुजा), म्हणून मब = नक. बेरीज करा: अब = अक. प्रत्येक त्रिकोण समद्विभुज!

एकरूपतेच्या दोन्ही ओळी निर्दोष आहेत. घोटाळा बेरजेत आहे, आणि तो चुकीच्या आकृतीने झाकला. बाजू असमान असतील तर प नेहमी त्रिकोणाबाहेर, परिवर्तुळावर पडतो, आणि म व न यांपैकी एकच बाजूवर असतो, दुसरा वाढवलेल्या बाजूवर. अब = 8, अक = 5, ∠अ = 60° घेऊन काढा; बक बरोबर 7 येते. पट्टीने मोजलं तर अम आणि अन दोन्ही 6.5 सेमी, मब आणि नक दोन्ही 1.5 सेमी भरतील. पण म हा अब वर आहे, म्हणून 6.5 + 1.5 = 8; न हा अक वाढवल्यावर क च्या पलीकडे, म्हणून 6.5 − 1.5 = 5.